भांडताना गुंडाळलेली कॉइल

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. जळलेल्या मोटारी येतात, बाबा त्यांतली काळी पडलेली तार उपसतात, नवी भरतात आणि मोटार परत फिरायला लागते. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, एकदा तर दाताच्या डॉक्टरचं कसलंसं यंत्र. बाबांनी भरलेली कॉइल बघायला गिऱ्हाईक उगाच मान वाकडी करून आत डोकावतं. थरावर थर, तारेला तार चिकटून, मध्ये केसाएवढी फट नाही. पलीकडच्या गल्लीतला वाइंडिंगवाला त्यांना 'मशीन' म्हणतो. बाबा वरवर वैतागतात, पण त्यांना ते आवडतं.

मी त्यांची मुलगी. घरातलं नाव भिंगरी. का, ते सांगायला नको.

शाळा मी गेल्या वर्षी सोडली. भूमितीच्या सरांनी भर वर्गात विचारलं, "तुझ्या बाकाला स्प्रिंग आहे का गं?" मी म्हणाले, "नाही सर, तुमच्या शिकवण्याला गिअर नाहीत." दप्तर उचललं आणि निघाले, ती परत गेलेच नाही.

बाबांनी दुकानात घेतलं. पंख्याची एक कॉइल गुंडाळायला दिली. माझी झाल्यावर त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, एक शब्द न बोलता ब्लेडने कापली आणि तांब्याच्या भंगाराच्या डब्यात टाकली. दुसरीचंही तेच. तिसरी कापून झाल्यावर म्हणाले, "भिंगरे, सोल्डरिंग कर, ड्रिल कर, गिऱ्हाइकाशी भांड, वाटेल ते कर. तारेला हात लावू नकोस."

त्यांचं चूक नव्हतं. मोटारीत तारा एकमेकींवरून उड्या मारायला लागल्या की खाचेत मावत नाहीत, घासतात, तापतात, जळतात. मला ते कळत होतं. हाताला कळत नव्हतं. माझा हात सरळ जायला लागला की त्याला मध्येच काहीतरी आठवतं.

मग मी बाजारामागच्या गल्लीत जायला लागले, गिटारवाल्या काकांकडे. काका तरुणपणी हॉटेलांमधल्या बँडमध्ये वाजवायचे, आता वाद्यं दुरुस्त करतात. हल्ली त्यांना बारीक काम दिसत नाही. सुईत दोरा ओवल्यासारखे डोळे बारीक करतात आणि शिव्या देतात. त्यांच्या बेंचपाशी एक स्टूल कायम रिकामं असायचं. मी म्हणाले, "काका, मला ठेवा ना कामाला."

"तुला? तुला मी दोन मिनिटं एका जागी उभी राहिलेली बघितली नाही."

"उभं राहून गिटार दुरुस्त होते का? बसूनच करायचंय ना?"

काका हसले. बेंचखालून पायाने एक खोकं पुढे ढकललं. आत जुन्या इलेक्ट्रिक गिटारीचे अवशेष होते. एक मान, तारा अडकवायचा पत्र्याचा पूल, खुंट्या, दोन बटणं आणि एक मेलेलं पिकअप. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसतो तो डबीसारखा तुकडा. आत चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की ते ऐकतं. ते मेलं की गिटार मुकी.

"यातून गिटार उभी कर," काका म्हणाले. "जुन्या घडणीची, मी वाजवायचो तशी. लाकूड तुझं तू बघ. मी तुला काही विचारणार नाही, नुसती वाजवून बघणार. आवाज ओळखीचा निघाला तर स्टूल तुझं."

घरी येऊन मी हे इतक्या जोरात सांगितलं की आई बाहेर आली. ती इस्पितळात नर्स आहे, ड्यूटीवरून येऊन नुकतीच पडली होती. बाबा पंप सोडून बघत राहिले.

"ठीक," बाबा म्हणाले. "शाळा उघडेपर्यंत मुदत. स्टूल मिळालं तर खुशाल बस तिथे. नाही मिळालं तर शाळा. आणि सरांची माफी मागायची."

"माफी?"

"भर वर्गात."

"गिअरबद्दल?"

"गिअरबद्दलच."

आई तोंड फिरवून हसली. मला काही हसू आलं नाही. बाकीच्या मुलांसमोर त्या माणसाला सॉरी म्हणायचं, या विचारानेच कान तापले. तेव्हाच ठरवलं, ही गिटार वाजणार म्हणजे वाजणार.

मागच्या खोलीत दुकानाचं जुनं काउंटर उभं करून ठेवलेलं होतं. जाड, भरीव फळी. त्यावर बाबांनी अर्धं आयुष्य काम केलं, कोपऱ्याकोपऱ्यात सोल्डरिंगचे डाग पडलेले. मी पुठ्ठ्यावर गिटारीचं अंग काढलं, एका बाजूला खाच असलेलं, जुन्या साध्या घडणीचं, आणि फळीवर ठेवून फिरवत बसले, डाग कुठे येईल ते बघत. एक मोठा काळा डाग पुलाच्या खाली बरोबर बसला. मग करवत घेतली. लाकडाच्या भुशाने घर असं भरलं की आईने माझ्यासाठी बाहेरच्या पायरीवर पाट टाकला आणि सांगितलं, "आता तुझं घर हे."

सगळ्यात अवघड म्हणजे मानेची खोबणी. मान तिच्यात इतकी घट्ट बसली पाहिजे, की स्क्रू न लावता मान धरून उचललं तरी अंग खाली पडू नये. मी पटाशीने थोडं तासायचे, मान बसवून बघायचे, परत तासायचे. मी, जिला चहा गाळेपर्यंत धीर धरवत नाही. शेवटी एका दुपारी मान धरून उचललं आणि अंग लटकलं. मी घरभर तसंच घेऊन फिरले.

"आई, बघ! स्क्रू नाहीत!"

"बघितलं. पायावर पडलं तर माझ्याकडेच येशील."

पुलाची जागा मोजताना बाबा स्वतः पट्टी घेऊन आले. मानेच्या टोकापासून तिच्यावरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच पुढे पूल पाहिजे, नाहीतर गिटार कायम बेसूर. बाबांनी खूण केली. मी परत मोजलं. ते म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हणाले, "तुम्ही माझ्यावर ठेवता का?" दोघांची खूण एकाच ठिकाणी आली, म्हणून विषय मिटला.

लॅकर पातळ करून हात मारले, अंग कपड्यांच्या दोरीवर वाळत घातलं. आई म्हणाली, "तो डाग आधी घासून टाकायचास ना."

"तो बाबांचा डाग आहे. राहू दे."

बाबा आत पंखा उघडत होते. त्यांनी ऐकलं. नंतर दोनदा कारण नसताना दोरीपाशी जाऊन आले.

राहिलं पिकअप. मला वाटलं होतं, बाबा नाक मुरडतील. उलट त्यांनी ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं. "ही कॉइलच की! कॉइल म्हटल्यावर आता तू बाजूला हो." वरची चिकटपट्टी सोडवली आणि आतलं दिसल्यावर ते जे हसायला लागले, ते डोळे पुसेपर्यंत.

"हे गुंडाळलं कुणी? घोड्यावर बसून?"

मीही बघितलं. तार कुठूनही कुठेही गेलेली. एकीवरून दुसरी, तिसरी तिरकी, इथे उंचवटा, तिथे खड्डा.

"बाबा, हे माझ्यापेक्षा वाईट आहे."

"तुझ्याइतकंच आहे. म्हणून तर मेलं."

हसत हसतच त्यांनी ब्लेड चालवलं. जुनी कॉइल एका बाजूने चिरून अलगद सुटी केली, तारेची जाडी मोजली, काट्यावर वजन केलं. आमच्यात असंच करतात, जुनी तार जेवढ्या वजनाची निघाली तेवढीच नवी भरायची. मग ती गेली भंगाराच्या डब्यात. रिले म्हणतात त्या छोट्या स्विचच्या कॉइलसाठी ठेवलेली, केसाहून बारीक तारेची रीळ बाबांनी कपाटातून काढली, मशीन लावलं आणि श्वास रोखून बसले. मला चुंबक पुसायचं काम मिळालं.

झाली तेव्हा ती कॉइल अशी दिसत होती, जणू तांब्याचं एकच गुळगुळीत भांडं. आईसुद्धा म्हणाली, "सुंदर आहे हो." बाबांनी ती आल्यागेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवली. पंप न्यायला आलेल्या माणसाने विचारलं, "कुठल्या मोटारीची?" बाबा म्हणाले, "मोटारीची नाही. आमच्या मुलीच्या गिटारीची."

सोल्डरिंग माझं. पुलाखालून अर्थिंगची तार, बटणं, जॅक, सगळं पहिल्याच झटक्यात बसलं. तारा चढवल्या, सूर लावले, आवाज मोठा व्हायला दुकानातल्या जुन्या रेडिओला वायर जोडली आणि छेडलं.

वाजलं.

"वाजली!" बाबा ओरडले. "वाजली की गं!"

वाजली खरी. पण तोंडावर उशी दाबून कुणी गावं तशी. जाडा आवाज येत होता, त्याच्या वरची धार गायब. काका मोडकी गिटार जरी बेंचवर छेडतात, तरी काचेवर चमचा वाजावा तसं काहीतरी उमटतं. इथे चमचा होता, काच नव्हती.

मी बाबांना काही म्हटलं नाही. पिकअप वर घेतलं, खाली घेतलं. टोनचं बटण काढून टाकून बघितलं. तारा बदलल्या, रेडिओ बदलला. दोन दिवस मी दुकानात कुणाशी धड बोलले नाही. ज्यांच्याशी बोलले त्यांच्याशी भांडले. शाळेला रंग देऊन झाला होता, येता-जाता दिसायचा. नवीन पिवळा.

तिसऱ्या दिवशी मी तांब्याच्या डब्यात तारेचे तुकडे टाकायला गेले आणि वरच ती पडलेली दिसली. त्या मेलेल्या पिकअपची जुनी कॉइल. एका बाजूने चिरलेली, पण मेणाने धरून ठेवल्यामुळे आकार तसाच. मी ती उजेडात धरली. तारा एकमेकींना आडव्यातिडव्या ओलांडून जात होत्या आणि मध्ये बारीक बारीक पोकळ्या होत्या. लोकरीच्या गुंड्यात असतात तशा. हवा होती आत.

आमच्या कॉइलमध्ये हवेला पाय ठेवायला जागा नव्हती.

तार तीच. वजन तेच. चुंबक तेच. वेगळं होतं ते फक्त ज्याला बाबा डोळे पुसेपर्यंत हसले होते ते.

"बाबा," मी म्हणाले, "ती कॉइल काढावी लागेल."

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "कुठली?"

"तुमची. ती जास्त चांगली झालीय."

"जास्त चांगली झाली म्हणून काढायची? ताप आहे का तुला?"

"पंख्याला कपॅसिटर असतो ना? तारा इतक्या चिकटून बसल्यात की ही कॉइल स्वतःच कपॅसिटर झालीय. वरचा सगळा आवाज आतल्या आत गिळतेय. जुनी बघा. सगळी भोकं भोकं आहे. मुद्दाम असेल, चुकून असेल, पण आवाज त्यातून येत होता."

"तीस वर्षं झाली मला हे काम करून."

"तीस वर्षं पंख्याचं काम करताय! सगळं जग काय पंखा आहे?"

बाबांचा चेहरा बघितला आणि मला कळलं की जास्त झालं. पण थांबायला मला कुठे येतं? ते म्हणाले, "माझी कॉइल कापायची नाही," आणि पंप उघडायला लागले. माझा पारा चढलेलाच होता. गळ्यातला पट्टा अडकवायचं बटण तेवढं लावायचं राहिलं होतं, ते मी रागारागात गिटारीच्या बुडाला पिळलं. स्क्रू तिरका गेला. तसाच दाबून बसवला.

कॉइल मी कापली नाही. काकांच्या भंगारातून दुसरं मेलेलं पिकअप मागून आणलं, त्याचे चुंबक आणि तारेला वरखालून धरणाऱ्या पट्ट्या घेतल्या आणि बाबांच्या देखत मशीनवर बसले. तारेला हात लावायची मनाई अजून होतीच. त्यांनी अडवलं नाही. पाठ करून बसले.

मी ठरवून वेडंवाकडं गुंडाळायला गेले. आणि जमेना! मुद्दाम डावीकडे, मुद्दाम उजवीकडे, असा विचार केला की बोटं लाकडी व्हायची आणि तार तुटायची. पुन्हा बांधली, पुन्हा तुटली. शेवटी डोकं फिरलं, मी ते पिकअप फेकलं. ते घरंगळत बाबांच्या पंपाखाली गेलं.

बाबांनी काढलं, फुंकर मारली, आणि माझ्यासमोर आणून ठेवलं. "वस्तूवर कसला राग काढतेस? माझ्यावर काढ."

"तुमच्यावरच आहे."

"मग बोल की."

मी तार बांधली, मशीन पायाने सुरू केलं आणि बोलले. "तुम्ही माझ्या तीन कॉइल कापल्यात. एकदा तरी विचारलंत, कशी केलीस?"

"विचारायचं काय? दिसत होतं. अगं, डावीकडे जातेय तार!"

"जाऊ दे. आणि सरांची माफी कशाला? त्यांनी माझी मागितली का?"

"ते मोठे आहेत. अगं, उजवीकडे! उजवीकडे सगळी साचतेय, माझ्याच्याने बघवत नाही."

"मग बघू नका! मोठे आहेत म्हणून काय झालं?"

"आवाज कमी कर, आई झोपलीय."

"नाही झोपले," आतून आई म्हणाली. "चालू द्या. तिचं बरोबर आहे, आणि तुमचंही."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

बाबा हातवारे करत माझ्या डोक्यावर उभे होते, मी त्यांच्याकडे बघून उत्तरं देत होते, आणि मध्ये कधीतरी काट्यावर ठेवलेली रीळ बाबांनीच बघितली. "थांब," म्हणाले. "वजन भरलं."

मी खाली बघितलं. तार एकदाही तुटली नव्हती. कॉइल गुंडाळून झाली होती, आणि दिसत होती अशी, जशी घोड्यावर बसून गुंडाळलेली.

कॉइल बुडवायचं मेण आईच्या दूध तापवायच्या पातेल्यात वितळवलं. त्याचं वेगळं भांडण झालं, ते इथे सांगत नाही. बाबांची कॉइल सोडवून बाजूला ठेवली, माझी बसवली, रेडिओ लावला. छेडलं.

काच वाजली. पहिल्याच तारेला. खालपासून वरपर्यंत सगळा आवाज उजेडात आला, धार होती, आणि धारेच्या मागे गोडवा होता. दुकानातला पत्र्याचा डबा झिणझिणला. आई दारात येऊन उभी राहिली.

बाबांनी माझ्या हातातून गिटार घेतली. त्यांना वाजवता येत नाही. एकच तार छेडली, कान जवळ नेला, परत छेडली. मग म्हणाले, "पंखा असता तर जळाला असता."

"पंखा नाहीये."

"नाहीये," ते म्हणाले. त्यांनी आपली कॉइल उचलून फडक्यात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

काकांकडे जाताना त्यांनी दुकान बंद केलं. भर दुपारी. पलीकडच्या गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याने विचारलं, "मशीन, आज बंद?" बाबांनी माझ्या पाठीवरच्या गिटारीकडे बोट दाखवलं आणि चालतच राहिले.

काकांनी शब्द पाळला, काही विचारलं नाही. गिटार मांडीवर घेतली, काळ्या डागावरून अंगठा फिरवला, वायर जोडली, वाजवायला लागले. हळू, मग जोरात, मग परत हळू. वाजवता वाजवता त्यांची पाठ सरळ झाली. समोर जणू हॉटेल भरलेलं होतं. संपल्यावर त्यांनी तारा सैल केल्या, पिकअपचे स्क्रू काढले, चष्मा कपाळावर चढवून ते नाकाशी धरलं.

"हे कुणी गुंडाळलं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "हिने. मी करून बघितली. माझ्याच्याने असं होत नाही."

खिशातून फडकं काढलं, आपली कॉइल बेंचवर ठेवली. काकांनी दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि बाबांच्या कॉइलकडे बराच वेळ बघितलं. "अशी मी आयुष्यात बघितली नाही," म्हणाले. "कपाटात ठेवण्यासारखी आहे. पण पूर्वी तार बोटांत धरून, शेजारणीशी गप्पा मारत गुंडाळायचे. हात भटकायचा. तो भटकलेला हात ऐकू येतो. हा बघा, आला."

"गप्पा नव्हत्या त्या," बाबा म्हणाले. "भांडण होतं."

"मग त्यानेच धार आली असेल."

दोघं हसले. मी हसले नाही, कारण मी स्टुलाकडे बघत होते. काकांनी गिटार उलटी केली, बुडाशी बोट ठेवलं.

"हे बटण तिरकं आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग?"

"चिडले होते."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे. मग काकांनी खणातून एक स्क्रू-ड्रायव्हर, गोंदाची बाटली आणि आगकाडी काढून बेंचच्या रिकाम्या बाजूला ठेवली आणि पायाने ते स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"भोकात आगकाडी गोंद लावून भर, वाळू दे, नवीन सरळ भोक पाड. तोपर्यंत उठायचं नाही."

मी बसले. स्क्रू काढला, आगकाडी मोडून भोकात दाबली, वर आलेला गोंद बोटाने पुसला. वाळायला वेळ लागणार होता. बाबा अजून दारातच उभे होते, आणि एका गिऱ्हाइकाला, जे नुसतं तारा विकत घ्यायला आलं होतं, सांगत होते, "ती बसलीय ना, ती आमची. तो डाग दिसतो का गिटारीवर? तो माझा. बाकी सगळं तिचं."